मध्ययुगीन मराठी ग्रंथ त्याच्या काळासोबत कसा वाचावा

पसायदानातल्या ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ या शब्दांमागे अलाउद्दीन खिलजीच्या स्वारीचं सावट आहे, असं कोणी सांगितलं तर ते चटकन पटतं. आता साल बघा. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ‘शके बाराशतें बारोत्तरें’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे शके १२१२, इसवी सन १२९०. खिलजी देवगिरीवर चालून आला तो १२९६च्या आरंभी. पसायदान मागितलं गेलं तेव्हा देवगिरीचं राज्य शाबूत होतं, आणि त्याच शेवटच्या ओव्यांत ‘न्यायातें पोषी क्षितीशु । श्रीरामचंद्रु’ असा यादव राजाचा उल्लेख आहे.

एवढ्या एका तपासणीनं पसायदानाकडे बघण्याची दिशा बदलते. परचक्राचं स्पष्टीकरण बाजूला पडलं की खरा प्रश्न समोर येतो. राज्य स्थिर आहे, राजाचा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा प्रमुख, हेमाद्री यानं व्रतं, दानं, श्राद्धं यांचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला आहे, आणि त्याच काळात परंपरेनं बहिष्कृत कुटुंबातला सांगितलेला एक तरुण नेवाशात बसून मराठीत गीता सांगतो आणि दुष्टांचं दुष्टपण जावं म्हणून प्रार्थना करतो. त्याच्या डोळ्यांपुढचे दुष्ट कोण होते? या प्रश्नासाठी यादवकाळ वाचावा लागतो, आणि ज्ञानेश्वरीही पुन्हा वाचावी लागते. साहित्य आणि इतिहास सोबत वाचायचे ते यासाठी.

हा लेख नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. मराठीचे विद्यार्थी असाल, इतिहासाची आवड असेल किंवा घरातली गाथा नीट वाचायची इच्छा असेल, पद्धत एकच. ग्रंथालयात एक गोष्ट लक्षात ठेवा. इतिहासाची पुस्तकं ज्याला मध्ययुग म्हणतात, त्या काळातलं साहित्य मराठीच्या कपाटात बहुतेक वेळा ‘प्राचीन मराठी वाङ्मय’ या नावाखाली ठेवलेलं असतं. दोन्ही कपाटं धुंडाळा.

एक लहान उतारा निवडा

सुरुवात राजघराण्यांच्या वंशावळीपासून करू नका. यादव, बहमनी, निजामशाही, आदिलशाही असा सगळा इतिहास आधी पाठ करायचा ठरवलं, तर ग्रंथाशी गाठच पडत नाही. आधी उतारा निवडा, मग त्याला लागेल तेवढा इतिहास शोधा.

उतारा लहान हवा. लीळाचरित्रातल्या चार-पाच लीळा, तुकोबांचे एका विषयावरचे पाच अभंग, एकनाथांचं एखादं भारूड किंवा ज्ञानेश्वरीतल्या वीस ओव्या. नवख्यांना मी लीळाचरित्र सुचवेन. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा हा ग्रंथ. ते गद्य आहे, प्रसंग छोटे आहेत, आणि चक्रधरस्वामी कुठे उतरले, कोणी काय जेवायला आणलं, कोण कोणाशी कसं बोललं, हे त्यात इतकं बारकाईनं येतं की तेराव्या शतकातलं रोजचं जगणं दिसू लागतं. संतकाव्याची आधीपासून ओढ असेल तर तुकोबा घ्या. त्यांचं उदाहरण पुढे सविस्तर देतो.

तीन काळ वेगळे लिहा

या अभ्यासातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल हेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. उतारा निवडला की वहीत तीन ओळी लिहायच्या. ग्रंथ कोणत्या काळाबद्दल सांगतो? तो रचला कधी गेला? आणि तुमच्या हातात असलेला पाठ कोणत्या काळच्या पोथीवरून आला? नवखा वाचक हे तिन्ही काळ एकच धरतो, आणि बहुतेक चुकीचे निष्कर्ष तिथूनच निघतात.

ज्ञानेश्वरीच घ्या. रचना १२९०ची. पण घरोघरी वाचली जाते ती परंपरा एकनाथांनी शुद्ध केलेल्या प्रतीची. ‘श्रीशके पंधराशें साहोत्तरी’ असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. शके १५०६, म्हणजे १५८४. मधल्या तीनशे वर्षांत उतरवून घेणाऱ्यांच्या हातून पाठ बदलले होते, काहींनी आपल्या ओव्या घातल्या होत्या. त्याबद्दल नाथांनी कडक शब्दांत ताकीद दिली:

‘ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥’

अमृताच्या ताटात करवंटी ठेवू नका, असं सांगावं लागलं, कारण लोक ती ठेवत होते. पुढे १९०९मध्ये वि. का. राजवाडे यांनी वेगळी प्रत छापली. ती एकनाथपूर्व असल्याचं त्यांचं म्हणणं होतं, आणि तिच्या जुनेपणावर पुढच्या अभ्यासकांनी शंकाही घेतल्या. म्हणून एखाद्या ओवीतल्या एका शब्दावर तेराव्या शतकाबद्दलचा निष्कर्ष उभा करायचा असेल, तर तो शब्द दोन्ही परंपरांत आहे का, हे आधी पाहा.

लीळाचरित्राची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. चक्रधरांचे अनुयायी म्हाइंभट यांनी गावोगाव फिरून, चक्रधरांना पाहिलेल्या माणसांना विचारून आठवणी गोळा केल्या. हे काम साधारण १२७८च्या सुमाराचं मानतात. मूळ पोथी खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी पाठांतरावरून ती पुन्हा सिद्ध केली, असं महानुभाव परंपरा सांगते. त्यामुळे हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे निरनिराळे पाठ तयार झाले. पुढे पंथानं आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले, आणि बाहेरच्या अभ्यासकांना ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाचता आले. हे कळलं की लीळाचरित्रातल्या ‘एकीं म्हणती’सारख्या नोंदींची किंमत समजते. ज्याच्याकडून जे ऐकलं ते वेगळं ठेवण्याची ही काळजी विलक्षण आहे, आणि आजच्या इतिहासकारालाही ती जवळची वाटावी.

आवृत्ती निवडताना प्रस्तावना आधी वाचा. संपादकानं कोणत्या पोथ्या वापरल्या, त्यांचे लेखनशक कोणते, पाठभेद तळटीपांत दिले आहेत का, हे सांगितलेलं नसेल तर ते पुस्तक पारायणाला उत्तम, अभ्यासाला अपुरं. लीळाचरित्रासाठी ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांची संपादनं, आणि तुकोबांसाठी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेली, १८७३पर्यंत दोन भागांत छापून झालेली गाथा हे पक्के आधार आहेत. आवृत्तीगणिक अभंगांचे क्रमांक बदलतात. वहीत नुसता क्रमांक लिहू नका, अभंगाची पहिली ओळही लिहा.

शकाचं साल, इसवीचं साल

शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवतात. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या चैत्रापर्यंत ७९ मिळवावे लागतात. तुकोबांचं प्रयाण फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१. सरधोपट ७८ मिळवून काही ठिकाणी १६४९ छापलेलं दिसतं. फाल्गुन असल्यानं बरोबर साल १६५०. तिथी दिली असेल तर जंत्री किंवा शकावली उघडून ताडून घ्या.

सुलतानी आणि शिवकालीन कागदांत शुहूर सन येतो. तो मृगाच्या सुमारास बदलतो आणि आकडे अरबी शब्दांत लिहितात. ‘सित खमसैन अलफ’ म्हणजे सहा, पन्नास, हजार, १०५६. यात ५९९ किंवा, जानेवारीपासून मृगापर्यंतचा महिना असेल तर, ६०० मिळवा: १६५५-५६. पहिले काही दिवस अवघड वाटतं, मग हात बसतो.

मोठ्यानं वाचा, कोश जवळ ठेवा

हे साहित्य कानासाठी रचलेलं आहे. ओवी, अभंग, भारूड डोळ्यांनी वाचून अडलं तर मोठ्यानं म्हणा. वाक्य कुठे तुटतं ते कानाला कळतं. आधी गद्य अनुवाद वाचण्याचा मोह आवरा. मूळ दोनदा वाचून, अडलेले शब्द खुणावून, मग अनुवाद उघडा.

कोशांपैकी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा १८५७चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. यादवकालीन शब्दांसाठी तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९मध्ये आलेला जुन्या मराठीचा कोश सगळ्यात भरवशाचा. तो मोठ्या ग्रंथालयात मिळेल. सोळाव्या शतकानंतरच्या मजकुराला माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोशही लागतो. एकनाथांचं ‘अर्जदस्त’ वाचा: ‘अर्जदस्त अर्जदार । बंदगी बंदेनवाज’. देवाच्या दरबारात जीवानं पाठवलेला हा अर्ज सरकारी कागदाच्या घाटात रचलेला आहे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर सुलतानी चाकरीत होते. पैठणच्या कीर्तनातल्या श्रोत्यांना अर्ज कसा लिहितात, जमाबाकी कशी काढतात, हे ठाऊक असल्याशिवाय असं रूपक उभं राहत नाही. तिथे रयत आणि कचेरी यांचं नातं वाचायला मिळतं, तेही कोणत्याही तवारिखीत नसलेल्या बाजूनं.

त्याच काळातला दुसरा साक्षीदार शोधा

ग्रंथातली माहिती तपासायला त्याच पन्नास वर्षांतला, पण वेगळ्या हेतूनं लिहिला गेलेला पुरावा हवा. यादवकाळासाठी शिलालेख. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा लेख शके ११९५ ते ११९९ या काळातला, म्हणजे १२७३ ते १२७७चा. विठ्ठलाच्या फुलांसाठी कोणी किती द्रव्य दिलं, याची ती यादी आहे. नामदेवांचा जन्म परंपरेनं १२७०चा, म्हणजे हा लेख कोरला जात होता तेव्हा ते बाळ होते. देवळाला कोणाचा पैसा येत होता ते लेखात वाचायचं, आणि त्याच देवळाच्या दारातलं जग नामदेव, जनाबाई, चोखोबांच्या अभंगांत वाचायचं. अशा वेळी दोन्हींतल्या गाळलेल्या जागा दिसतात. शिलालेखात दाते येतात. चोखोबा परंपरेनुसार १३३८मध्ये मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना भिंत कोसळून गेले. तसलं वेठीचं काम करणाऱ्यांची नावं कोणी दगडात कोरली नाहीत. त्यांचं जगणं कळायला अभंगच हवा.

चाळीसगावजवळच्या पाटण इथला शके ११२८चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभीचा लेखही पाहावा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापला, त्याची ती नोंद आहे आणि तिचा काही भाग मराठीत आहे. यादवांच्या राज्यात विद्येला आश्रय कसा मिळे, याचा हा थेट पुरावा. महानुभावांच्या स्मृतिस्थळ या ग्रंथात, संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केसोबासांना चक्रधरांनंतरचे पंथप्रमुख नागदेवाचार्य अडवतात, कारण त्यानं साधी माणसं वंचित होतील. पाटणचा लेख वाचल्यावर त्या अडवण्यामागचा निश्चय नीट समजतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत

तुकोबांचा ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’ हा अभंग घेऊ. त्यातलं तिसरं कडवं:

‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’

पहिलं वाचन फक्त अभंगाचं. घटनांचा क्रम लिहून काढा: व्यवसाय, आईबाप गेले, दुष्काळ, बायको गेली, धंद्यात तूट, मोडलेलं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं, एकादशीचं कीर्तन, संतांची वचनं पाठ केली. हे सांगणं आपणहून आलेलं नाही. ‘केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं’, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, असं ते म्हणतात. म्हणजे समोर श्रोते आहेत, आणि निवड त्यांना ध्यानात ठेवून केलेली आहे. या अभंगात मुलाच्या मृत्यूचा उल्लेख नाही, तो दुसऱ्या अभंगात येतो. हेही लिहून ठेवा. दोन अभंगांची सरमिसळ करून एक चरित्र तयार करण्याची घाई नको.

दुसरं वाचन दुष्काळाचं. हा १६३० ते १६३२चा दख्खन-गुजरातचा दुष्काळ. त्याच वेळी शाहजहान दक्षिणेच्या मोहिमेवर बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. १६३१मध्ये मुमताज महल तिथेच वारली. त्याच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानं या दुष्काळाचं भयानक वर्णन केलं आहे, आणि सोबत बादशहानं उघडलेल्या लंगरांचं व दिलेल्या सुटीचंही. सुरतेहून उत्तरेला निघालेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी यानं वाटेवरची प्रेतं आणि ओस गावं पाहून लिहून ठेवली. पुणे परगणा तर दुहेरी कात्रीत होता. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या झटापटीत याच सुमारास पुणं जाळलं गेलं.

तिन्ही मजकूर शेजारी ठेवा. लाहोरीला बादशहाची उदारता दाखवायची आहे, मंडीला प्रवासाची हकीकत नोंदवायची आहे. तुकोबांच्या ओळीत एक गोष्ट अशी आहे जी दोघांकडेही मिळत नाही: द्रव्य आटल्याबरोबर गावातला मान गेला. देहूतलं महाजनकीचं घर, सावकारी, दुकान, हे सगळं ज्या पतीवर उभं होतं ती पत कशी मोडली, हे एका अर्ध्या चरणात आहे. दुष्काळात माणसं मेली हे कोणीही लिहील. जगलेल्या माणसाचं समाजातलं स्थान कसं ढासळलं, हे आतून सांगणारा पुरावा फार दुर्मीळ. आता ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ हा अभंग वाचा. त्यातलं ‘बरें’ किती किंमत मोजून आलं आहे, ते कळेल.

तिसरं वाचन चरित्रकाराचं. महिपतींचा भक्तविजय शके १६८४चा, म्हणजे १७६२चा; तुकोबांनंतर एक शतक उलटून गेल्यावरचा. पेशवाईच्या भरातल्या श्रोत्यांसाठी तो लिहिला गेला. तुकोबांच्या आयुष्यातले आपल्याला तोंडपाठ असलेले कितीतरी प्रसंग महिपतींच्या लेखणीतून आले आहेत. प्रत्येक प्रसंगापुढे खूण करा: अभंगात आहे, तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई यांच्या आत्मनिवेदनात आहे, की फक्त महिपतींकडे? बहिणाबाईंची साक्ष मोलाची, कारण त्या तुकोबांच्या हयातीत देहूला गेल्या होत्या. महिपतींचे प्रसंग टाकून द्यायचे नाहीत. अठराव्या शतकाला तुकोबा कसे हवे होते, याचा तो उत्तम पुरावा आहे. फक्त त्याची नोंद अठराव्या शतकाच्या पानावर करा.

इतिहासकारालाही काळ असतो

न्या. रानडे यांना संतांच्या चळवळीत मराठी राज्याच्या उदयाची तयारी दिसली. राजवाड्यांना वाटलं की संतांनी समाजाला निवृत्तीकडे वळवलं. दोघांपुढे ग्रंथ तेच होते. दोघेही इंग्रजी अंमलात, राष्ट्र कसं उभं राहतं या चिंतेत लिहीत होते. म्हणून दुय्यम पुस्तक उघडलं की ते छापल्याचं साल आधी बघा आणि त्या साली महाराष्ट्रात कोणता वाद चालू होता, ते शोधा. एकाच विषयावरचं एक जुनं आणि एक अलीकडचं पुस्तक जोडीनं वाचलेलं बरं.

नकाशा आणि पाय

लीळाचरित्र वाचताना भिंतीवर गोदावरी खोऱ्याचा नकाशा लावा. पैठण, नेवासे, डोमेग्राम, बेलापूर, वेरूळ, आणि वऱ्हाडात रिद्धपूर. चक्रधर कुठल्या देवळात, कुठल्या ओसरीवर उतरले याची मोजमापासह नोंद करणारी स्थानपोथी महानुभावांनी लिहून ठेवली आहे. ती हातात घेऊन यातलं एखादं गाव पायी पाहा. दोन मुक्कामांतलं अंतर, नदीचा उतार, बाजाराचा रस्ता पाहिला की लीळेतलं ‘बिजें केलें’, म्हणजे प्रस्थान केलं, जमिनीवर उतरतं.

पोथ्या प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर, तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय ही ठिकाणं आहेत. जाण्यापूर्वी पत्र पाठवा, कोणतं हस्तलिखित हवं ते सूची पाहून नेमकं कळवा. पोथीच्या शेवटच्या पानावर लेखनिकाचं नाव, गाव, शक असतो. तो आधी उतरवून घ्या. पोथ्या बहुधा बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत असतात, पण दप्तरातले महजर (पंचांपुढचे निर्णयपत्र), निवाडे, सनदा मोडीत. सतराव्या शतकाकडे वळणार असाल तर मोडी शिकाच. वर्ग अनेक ठिकाणी चालतात, आणि रोज थोडा सराव ठेवला तर छापील मोडी काही महिन्यांत वाचता येते.

पहिला उतारा पुरा झाला की दुसरा मुद्दाम लांबचा निवडा. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. गोव्यातल्या साष्टी भागातली देवळं पाडली गेली होती, १५८३मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले होते, आणि बाटलेल्या कुटुंबांना पुराण ऐकण्याची सवय तशीच होती. तिथेही त्याच तीन ओळींपासून सुरुवात करा. कथा पॅलेस्टाइनची, रचना साष्टीची, आणि १६१६, १६४९, १६५४ अशा तिन्ही जुन्या छापांची एकही प्रत आज हाती नाही. उरली आहेत ती हस्तलिखितं, त्यांतलं एक देवनागरीत, लंडनमध्ये. तुमच्या समोरचा पाठ यांपैकी कोणत्या वाटेनं आला, ते आधी शोधा आणि मग पहिली ओवी मोठ्यानं वाचा.